आधी पाटी, मग लोगो

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे, वर एक गोल, हातापायांच्या चार रेघा. झाला वारली माणूस. संगणकावर तो काढायला अर्धे मिनिटही लागत नाही, म्हणूनच आज तो सगळीकडे दिसतो: हॉटेलच्या भिंतीवर, चहाच्या मगवर, साडीच्या पदरावर, दिनदर्शिकेवर, सरकारी कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर. ब्रँडिंगसाठी याहून सोयीची खूण शोधून सापडायची नाही. एका रंगात छापता येते, नखाएवढी केली तरी ओळखू येते आणि ‘माती’, ‘मूळ’, ‘महाराष्ट्र’ हे सगळे न बोलता सांगून जाते.

या वापरातून वारली चित्रकारांच्या पदरात काय पडते, हा वेगळा आणि दुखरा प्रश्न आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघाने पाठपुरावा केला होता. पण १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा मुळात नावाचे रक्षण करतो. ‘वारली’ हा शब्द टाळून कोणी तेच त्रिकोण छापले, तर कायद्याच्या हाती फारसे काही लागत नाही. कॉपीराइट एका चित्रकाराच्या एका चित्राला मिळतो, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या रेषेला मिळत नाही. बाजाराचे हे असे आहे. माझे बोलणे मात्र संग्रहालयांविषयी आहे, कारण ही खूण त्याच रीतीने, त्याच मापात संग्रहालयातही शिरते आणि तिथे तिने होणारे नुकसान जास्त खोल असते. मगवरचे चित्र कोणी खरे मानत नाही. संग्रहालयाच्या भिंतीवरचे चित्र शाळेची सहल वहीत उतरवून घेते.

रांचीच्या ज्या जुन्या तुरुंगात १९०० साली बिरसा मुंडांचा मृत्यू झाला, तिथे २०२१ मध्ये संग्रहालय सुरू झाले. आदिवासी लढ्यांची अशी संग्रहालये आणखी काही राज्यांत उभी राहत आहेत. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय पूर्वीपासून आहे. पुढे नवी दालने येतील, जुन्यांचे नूतनीकरण होईल आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्च होईल. तो कोणत्या क्रमाने खर्च व्हावा, एवढाच माझा मुद्दा आहे. अशा दालनात वस्तूंशेजारच्या पाट्यांवरचा मजकूर आधी लिहिला, तपासला आणि मंजूर केला गेला पाहिजे. लोगो, रंग, भिंतींची सजावट, पडद्यांवरची हलती चित्रे हे सगळे त्यानंतर. हा क्रम निविदेतच लिहिलेला हवा. तो डिझायनरच्या चांगुलपणावर सोडला, तर उद्घाटनाची तारीख जवळ येताच उलटतो.

असे का होते, हे कळण्यासाठी ब्रँडिंगचे काम कसे चालते ते पाहावे लागेल. ग्राहकाकडून ब्रीफ, म्हणजे काय हवे त्याचे टिपण, येते, मग नमुन्याची चित्रे-रंग एकत्र लावून मूडबोर्ड होतो, दोन-तीन दिशा मांडल्या जातात, त्यातली एक निवडून चिन्ह, दोन-तीन रंग आणि एखाद-दोन फॉन्ट पक्के होतात. शेवटी हे सगळे एका ब्रँड मॅन्युअलमध्ये, म्हणजे वापराच्या नियमपुस्तिकेत, बांधले जाते. चिन्हाची परीक्षा ठरलेली असते: सोळा पिक्सेलच्या चौकोनात ओळखू येते का, एका रंगात टिकते का, कापडावर भरता आणि पत्र्यातून कापता येते का? या परीक्षेत जे टिकत नाही ते गाळायचे. पेट्रोल पंपाची खूण पाऊण किलोमीटरवरून कळायला हवी, बिस्किटाचा पुडा दुकानाच्या फळीवर चटकन सापडायला हवा. तिथे ही गाळणी अगदी योग्य आहे.

वारली चित्र या गाळणीतून गेले की काय गळते ते पाहा. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याची रेषा कुठे जाड, कुठे बारीक असते. ती सगळीकडे सारखी होते. बाईच्या डोक्यामागचा अंबाडा जातो, म्हणजे बायका जातात. तारपा नाचात तर मोठाच घोटाळा होतो. भोपळा, बांबू आणि ताडपत्र यांपासून केलेला तारपा वाजवणारा तारपकरी हा त्या नाचाचा मेढ्या असतो. तो वळेल तशी रांग वळते आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या तयार व्हेक्टरमध्ये, म्हणजे हवी तेवढी मोठी करता येणाऱ्या संगणकी चित्रात, एकच आकृती गोलाकार फिरवून वीस-पंचवीस वेळा चिकटवलेली असते आणि तारपकरी बहुधा नसतोच. वाजवणारा नाही, तरी नाच चालू आहे. संग्रहालयाच्या प्रवेशदालनात हीच फाइल वीस फुटांपर्यंत मोठी करून छापली, तर आपण एका समाजाला त्याच्याच नाचाची चुकीची माहिती देत असतो, तीही त्याच्याच नावाने.

आता लग्नाचा चौक. वारली चित्रांचे मूळ ठिकाण म्हणजे घराच्या आतली भिंत आणि मूळ निमित्त म्हणजे लग्न. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा. चौकोनाच्या कडेने नक्षीच्या पट्ट्या आणि मधोमध पालघट ही देवी. हे सगळे सवाशिणी काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी पार पाडते. चौक नाही तर लग्न नाही. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात फिरले, कागद आणि रंग गावात पोहोचले. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे नुसत्या विधीपलीकडे जाऊन रोज चित्रे काढू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचे काम थोर आहे यात वाद नाही. पण त्यांच्या आधीच्या किती पिढ्यांतल्या बायकांनी किती भिंती रंगवल्या, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

याच लग्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती कुठल्याच मगवर येणार नाही. १९४५ च्या आधी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगाव पट्ट्यात, वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढत. ते फेडण्यासाठी नवरा आणि लग्न होऊन आलेली बायको, दोघेही त्या जमीनदाराकडे बिनमजुरीचे राबत. कर्ज फिटत नसे, माणूस फिटत असे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या कामात होते. वेठ करायची नाही असा निर्धार तिथे झाला आणि त्यानंतर गावोगाव लग्नगडी सोडवले गेले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

चौक आणि लग्नगडी यांची पाटी एकाच भिंतीवर असली पाहिजे, असे मी म्हणतो. एरवी काय होते? कलेच्या दालनात चौक, लढ्याच्या दालनात १९४५. दोन दालनांत दोन क्युरेटर आणि दोन रंगसंगती. चौकासमोर उभ्या असलेल्या माणसाला कधी कळतच नाही की ज्या लग्नासाठी ही भिंत रंगली, त्याच लग्नाने दोन माणसे गहाण पडू शकत होती.

नेहमी दिसणारी पाटी साधारण अशी असते: ‘वारली चित्रकला. माध्यम: तांदळाचे पीठ, गेरू. विसावे शतक. निसर्गाशी एकरूप झालेल्या साध्याभोळ्या आदिवासींची ही प्राचीन कला असून त्यातून त्यांच्या आनंदी जीवनाचे दर्शन घडते.’ यात पहिली तीन वाक्ये ठीक आहेत, चौथे कुठल्याही देशातल्या कुठल्याही आदिवासी समाजाच्या चित्राखाली लावता येईल. जे वाक्य कुठेही चालते ते पाटीवरून काढावे, ही संपादनाची पहिली कसोटी. आता दुसरा मसुदा पाहा:

‘लग्नाचा चौक. लग्नघरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात. मधोमध पालघट देवी. चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. १९४५ पर्यंत या भागात अनेक वारली तरुण लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराचे लग्नगडी होत. नवरा-बायको दोघांना बिनमजुरी राबावे लागे. त्या वर्षी वारल्यांनी वेठ झुगारली. हा चौक काढणाऱ्या: …, … आणि … . पाडा …, तालुका डहाणू, वर्ष … .’

हे पन्नास शब्दांच्या आतबाहेर आहे. रडवणारा एकही शब्द नाही. ‘दुर्दैवी’ नाही, ‘शोषित’ नाही, ‘हृदयद्रावक’ नाही. कोणी काय केले आणि कोणाला काय भोगावे लागले, एवढेच आहे. मोकळ्या सोडलेल्या जागा चौक काढणाऱ्या बायकांची खरी नावे मिळाल्याशिवाय भरायच्या नाहीत, आणि त्या भरल्याशिवाय पाटी छापायला पाठवायची नाही. जुन्या संग्रहातल्या वस्तूचे नाव सापडत नसेल तर ‘अनामिक कलाकार’ असे गोड लिहू नये. ‘अमुक साली अमक्या संस्थेने गोळा केले; करणाऱ्याचे नाव तेव्हा लिहून घेतले नाही’ असे लिहावे. यात नाव नसण्याची जबाबदारी नाव न विचारणाऱ्याकडे जाते. ती तिथलीच आहे.

क्रियापदाच्या काळाचाही विचार हवा. आदिवासी दालनातल्या पाट्या सर्रास भूतकाळात असतात: ‘वारली लोक भातशेती करीत’, ‘ते निसर्गदेवतांना पूजत’. तलासरीच्या आश्रमशाळेतली मुलगी ही पाटी वाचते तेव्हा तिला कळते की आपण होऊन गेलो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ साली लोकांसाठी उघडले, मुंबईतल्या जातीजमाती आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. कारागिरी अप्रतिम. पण त्या माणसांच्या नव्हेत, नमुन्यांच्या आहेत: एक कोळी, एक पारशी, एक भंडारी. राज्यकर्त्याला प्रजा ओळखता यावी म्हणून केलेली ती वर्गवारी होती. आजच्या डिझायनरची वारली आकृती हीसुद्धा असाच एक नमुना आहे, फक्त जास्त सफाईदार.

सहवेदना म्हणून उलट टोकाला जाणारेही कमी नाहीत. अंधारी बोगद्यासारखी वाट, सारंगीचे रडके सूर, करड्या रंगातले मोठे डोळे. पाहणाऱ्याला गलबलून येते, तो बाहेर पडतो, चहा पितो. काय कळले असे विचारले तर ‘फार भयंकर होते हो’ एवढेच सांगता येते. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयाने याबाबत एक कठीण निर्णय घेतला. जळालेल्या कातड्याचे पुतळे तिथे अनेक वर्षे होते. २०१७ मध्ये ते काढले. भयंकर वास्तव सौम्य केले जात आहे, अशी टीका त्या वेळी झाली. २०१९ मध्ये मुख्य इमारत पुन्हा उघडली तेव्हा भर होता मेलेल्यांच्या खऱ्या वस्तूंवर. त्यात शिगेरू ओरिमेन या शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे, आतले अन्न जळून कोळसा झालेले. आईला ९ ऑगस्टला त्याचा मृतदेह सापडला, डबा पोटाशी होता. नाव, दिवस, वस्तू आणि ती कोणाला कुठे मिळाली, बस. पुतळ्यापुढे माणूस नजर फिरवतो. डब्यापुढे तो थांबून वाचतो. त्या टीकाकारांशी मी सहमत नाही. लग्नगड्यांविषयीच्या दालनात साखळदंड घातलेले फायबरचे पुतळे उभारण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांनी या डब्याचा विचार करावा. एखादी कर्जाची वही किंवा गवत कापायचा विळा मिळाला तर तो पुरेसा आहे. नाही मिळाला तर मोकळी चौकट आणि पाटी.

पैसा कोणाचा, यावरही पाटी काय बोलणार हे ठरते. भोपाळमध्ये २०१४ साली वायुपीडितांनी उभे केलेले स्मृतिसंग्रहालय सरकारी किंवा कंपन्यांचा पैसा न घेता उभे राहिले, आणि तिथे मृतांच्या घरच्यांनी दिलेल्या वस्तूंबरोबर त्यांचेच आवाज ऐकायला मिळतात. प्रत्येक संग्रहालयाला हे जमणार नाही. पण प्रायोजकाचा ब्रँड मॅनेजर पाटीचा मजकूर मंजूर करणार नाही, एवढी अट करारात घालणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

मजकूर चांगला झाला तरी अर्धेच काम होते, कारण मराठी मजकूर छपाईत जसा मरतो तसा कुठेच मरत नाही. ब्रँड मॅन्युअल बहुतेक वेळा रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बनते, देवनागरी मागून त्यात कोंबली जाते. रोमनला ओळींमधले अंतर अक्षराच्या मापाच्या १२० टक्के पुरते. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. तिला १४० ते १५० टक्के लागतात. तेवढे दिले नाही की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीत ते अंतर शून्यच ठेवावे. तिरपी अक्षरे संगणकाकडून नुसती वाकवून घेऊ नयेत. फार ठळक वजन घेतले तर ‘ध’, ‘घ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा बुजते आणि दोन मीटरवरून सगळे सारखे दिसतात. ओळी दोन्ही बाजूंनी सरळ करण्याचा हट्टही सोडावा. मराठीत लांब सामासिक शब्द येतात, ते तोडण्याची रीत नाही, मग ओळीत खड्डे पडतात. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळे ठेवावे.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी भारतीय लिप्या जाणणारा कंपोझर निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन फुटतात. ज्याला मराठी येत नाही त्या कलाकाराला यात काही चुकले आहे असे दिसतच नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर रूपांतरित केला तर ‘ऱ्य’ आणि रफार यांची अदलाबदल होते, म्हणून ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सूर्य’, ‘कार्य’ असे शब्द मुद्दाम शोधून तपासावेत. अक्षरांचे आउटलाइन, म्हणजे मजकुराचे नुसते आकार, करण्याच्या आधी शेवटचे प्रूफ वाचले पाहिजे. एकदा आउटलाइन झाले की दुरुस्ती म्हणजे एकेक अक्षर उचलून चिकटवणे, आणि त्यात नव्या चुका शिरतात.

कापलेल्या व्हिनाइलची अक्षरे भिंतीवर लावायची असतील तर अनुस्वाराची काळजी घ्यावी. सोलताना तो ठिपका निघून येतो, नाहीतर सहा महिन्यांत गळतो. ‘चिंच’ची ‘चिच’ होते. लहान मजकुरासाठी थेट मॅट पृष्ठावर छपाई बरी. चकचकीत ॲक्रिलिक किंवा ग्लॉस लॅमिनेशनवर वरच्या दिव्याची चमक नेमकी मजकुरावर पडते. वाचणारा मान वाकडी करतो आणि दुसऱ्या वाक्यानंतर सोडून देतो. कापड आणि कागद टिकावेत म्हणून दालनातला उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास ठेवावा लागतो. एवढ्या मंद उजेडात काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे किंवा गेरू रंगावर वारली नक्षी आणि तिच्यावर मजकूर, हे दोन्ही वाचता येत नाही. फिकट पार्श्वभूमी, गडद अक्षर, मागे काहीही नाही. गेरूचा रंग वस्तूजवळ असू द्या, मजकुराखाली नको.

पाटीची आडवी मध्यरेषा जमिनीपासून साधारण १३५ ते १४० सेंटिमीटरवर असावी. चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही आणि पाचवीतल्या मुलालाही ती वाचता येते. वस्तूची पाटी पन्नास-साठ शब्दांची, विभागाची शंभर-दीडशे शब्दांची. इथे एक फसगत होते. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे त्याच आशयाला इंग्रजीहून कमी शब्द लागतात, पण जागा कमी लागत नाही. शब्द मोजून चौकट आखली की मराठी मजकूर मावत नाही, आणि मग मजकूर कापण्याऐवजी अक्षर लहान केले जाते. ओळी मोजाव्यात: चाळीसएक अक्षरांच्या सात-आठ ओळी. आणि मराठी मजकूर मराठीतच लिहावा. इंग्रजी पाटीचे भाषांतर ‘हे चित्र वारली जमातीद्वारे बनविण्यात आलेले आहे’ असे बोलते, तसे कोणी माणूस बोलत नाही.

हे सगळे खर्चिक वाटते, प्रत्यक्षात नाही. चाळीस वस्तूंचे दालन धरा. चाळीस पाट्या पन्नास शब्दांच्या म्हणजे दोन हजार शब्द, सहा विभाग-फलकांचे आठशे, प्रवेशाचे दोनशे. तीन हजार शब्द. दिवाळी अंकातल्या एका लेखाएवढा मजकूर! एक जाणकार लेखक, एक वारली वाचक-संपादक आणि एक मराठी मुद्रितशोधक असे तिघे दोन महिन्यांत तो व्यवस्थित करू शकतात. याउलट मजकूर येईपर्यंत निरर्थक लॅटिन भरून चौकटी आखल्या जातात, मजकूर उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी गॅझेटियरमधून उचलला जातो, आणि लाखो रुपयांच्या पडद्याशेजारी तो कच्चा उभा राहतो.

आणि चाचणी. पुडा बाजारात आणणारी कंपनी डमी केल्याशिवाय खोके छापत नाही. ही सवय ब्रँडिंगच्या माणसांकडून संग्रहालयांनी जशीच्या तशी उचलावी. पाट्या साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापून जागेवर मास्किंग टेपने लावायच्या. आठ-दहा लोकांना, त्यांत निदान चार वारली, दोन शाळकरी मुले आणि एक चष्मेवाले आजोबा हवेत, मोठ्याने वाचायला सांगायचे. जिथे ते अडखळतात तिथे खूण करायची. वाचून झाल्यावर पाटी झाकून विचारायचे की घरी जाऊन काय सांगाल. पाटीत नसलेले काही त्यांनी सांगितले तर मजकूर चुकला आहे, वाचणारा नव्हे.

ब्रँडिंगवाल्यांना संग्रहालयातून हाकला, असे यातून कोणी काढू नये. रस्त्यावरची पाटी, तिकीट, दालनाचे क्रमांक, शौचालयाची खूण यांत सातत्य लागते आणि ते काम तेच उत्तम करतात. ओळखच नसेल तर प्रेक्षक येणार नाहीत, हा आक्षेपही खरा आहे. मराठीत तर या दोन जगांमधला पूल कधीच बांधला गेला आहे: र. कृ. जोशी जाहिरातीच्या क्षेत्रात होते, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवले, आणि संगणकावर कोट्यवधी लोकांनी देवनागरी ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये वाचली तो त्यांनी घडवला. कौशल्य एकच असते. ब्रीफ कोणी दिले आणि काम कोणी तपासले, यावर ते कुठे वळते ते ठरते. वस्तू विकायची असते तेव्हा पैसे देणाऱ्याचे समाधान पुरते. चौकाच्या पाटीसाठी चौक काढणाऱ्या बाईचे समाधान लागते, आणि आजच्या निविदेत तिचा कुठे उल्लेखही नसतो.

म्हणून निविदेत चार गोष्टी हव्यात. मजकूर आणि संपादन यांची वेगळी बाब, वेगळी रक्कम. ती डिझाइनच्या रकमेत मिसळायची नाही, कारण मिसळली की घासाघीस तिथूनच सुरू होते. ज्या समाजाविषयी दालन आहे त्यातल्या किमान तीन जणांची मानधन मिळणारी समिती, त्यांत निम्म्या बायका, आणि तिच्या सहीशिवाय एकही पाटी छापली जाणार नाही अशी अट. सजावटीत वारली चित्र वापरायचे असेल तर ते तयार फाइलमधून न घेता नाव असलेल्या चित्रकाराकडून करून घेणे, त्याचा मोबदला आणि पुढच्या प्रत्येक वापराचा दर करारात लिहिणे. तेच चित्र संग्रहालयाच्या दुकानातल्या पिशवीवर आले तर त्याचाही. डिझायनरचा दुसरा हप्ता मजकूर मंजूर झाल्यावरच.

छपाईच्या रकमेतले दहा टक्के दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. दालन उघडल्यावर सहा महिन्यांनी समितीने एक फेरी मारायची, चुकलेली नावे, राहिलेले पाडे, गळालेले अनुस्वार टिपायचे आणि त्या पाट्या बदलायच्या. यासाठी मजकूर युनिकोडमध्ये आणि मांडणीच्या खुल्या, बदलता येणाऱ्या फाइली फॉन्टच्या परवान्यासह संग्रहालयाच्या ताब्यात असल्या पाहिजेत. त्या एजन्सीकडेच राहिल्या, तर एका बाईचे नाव दुरुस्त करायलाही नवी निविदा काढावी लागते, आणि एका नावासाठी निविदा कोणी काढत नाही.